वन्संचा लाल कंगवा

माझ्या नणंदेच्या समोरून कुठलाही दागिना जाऊ द्या, तो कुठल्या लोकांचा, कुणाच्या हातचा, हे त्या सांगणार, आणि तुम्ही विचारलं नसलं तरी सांगणार. एकदा चौकातून एक जोडपं आइस्क्रीम खात चाललं होतं. वन्सं आपल्या पथारीवरूनच मला म्हणाल्या, "त्या बाईच्या हातातलं कडं बघ. खडे झुनीच्या लोकांनी घासलेत, चांदीकाम नावाहोंचं, आणि मधला खडा मागाहून कुणीतरी बसवलाय, तोही वाकडा." मी म्हटलं, हळू बोला, तिला ऐकू जाईल. तर म्हणाल्या, जाऊ दे की, कडं तिचंच आहे, तिला नको कळायला? बाईला ऐकू गेलंच. ती परत आली, तासभर वन्संपुढे उकिडवी बसून राहिली, आणि जाताना एक माळ घेऊन गेली.

वन्संचं नाव त्रिनिदाद. माझे यजमान एलिसेओ हे त्यांचे धाकटे भाऊ, दोन वर्षांनी लहान. मी मूळची शेजारच्या कोचिती गावची, मातीच्या बाहुल्या घडवणाऱ्या घरातली. लग्न होऊन केवा गावात आले त्याला त्या साली, म्हणजे चौऱ्याण्णव साली, एकोणचाळीस वर्षं झाली होती. केवात घरोघरी मणी. शिंपले फोडायचे, तुकड्यांना भोकं पाडायची, दोरीत ओवायचे आणि ओली माळ दगडावर घासत बसायचं, मणी सगळे एकसारखे गोल होईपर्यंत. मला ते कधी जमलं नाही. पहिल्याच वर्षी मी घासलेली माळ वन्संनी उजेडात धरली आणि विचारलं, हे मणी आहेत की उंदराने कुरतडलेले दाणे? तेव्हापासून मी आपली मातीच बरी म्हटलं.

आम्ही दोघी रोज पहाटे गाडीने सांता फे शहरात जायचो. तिथल्या चौकात जुन्या वाड्याचा लांब व्हरांडा आहे, त्यात भिंतीला पाठ लावून आम्हा आदिवासी गावांच्या लोकांची दुकानं: एक घोंगडी, तिच्यावर कापड, कापडावर माल. जागा कमी आणि माणसं जास्त, म्हणून सकाळी पिशवीत हात घालून बिल्ला काढायचा. आकडा आला तर बसायचं, कोरा आला तर घरी जायचं. पण पिशवीत हात घालायचा हक्क मिळायलाच आधी परीक्षा. माल स्वतः केलेला पाहिजे, घरात केलेला पाहिजे, आणि सामान अस्सल पाहिजे. हे बघायला तीन परीक्षक होते, आणि मण्यांच्या बाबतीत शब्द एकट्या वन्संचा.

त्यांच्या झोळीत एक भिंग, एक पांढरा रुमाल, एक जाड सुई आणि मेणबत्तीचा तुकडा असायचा. संशय आला की सुई तापवून मालाच्या पाठीला टेकवायच्या आणि वास घ्यायच्या. पिरोजा असला तर काही होत नाही. जेट, म्हणजे आमच्याकडचा तो हलका काळा दगड, त्याला कोळशाचा वास येतो. प्लॅस्टिकचा वास तर तुम्हाला ठाऊकच आहे. त्या सुईने वीस वर्षांत कितीजणांच्या तोंडचं पाणी पळवलं असेल, मोजदाद नाही. लोक त्यांना पाठीमागे 'नाक' म्हणायचे. मीही म्हणायची, पण घरात.

एवढा कडकपणा कुठून आला, ते मला माहीत होतं. वन्सं सहाव्या वर्षी सांता फेच्या वसतिशाळेत गेल्या. तिथल्या दुसऱ्या गावांच्या मुली केवाच्या मुलींना चिडवायच्या, की तुमचे लोक मोटारीच्या फुटक्या बॅटऱ्या आणि मोडक्या तबकड्या गळ्यात घालून हिंडतात. तीसच्या दशकात हातातोंडाची गाठ पडेना, पिरोजा मिळेना, तेव्हा केवात पुष्कळ घरांनी खरंच तसं केलं होतं. गाडीच्या बॅटरीचं काळं खोकं, ग्रामोफोनची तबकडी, दात घासायच्या ब्रशची दांडी, जे रंगीत सापडेल ते कापून माळा केल्या आणि स्टेशनावर विकल्या. गावात हे सगळ्यांना ठाऊक, आणि बोलत कुणी नसे. वन्सं मात्र बोलायच्या. त्यांचं एकच वाक्य असे: इतरांचं मला सांगू नका, माझ्या आईने असला कचरा कधी हातात धरला नाही.

आणखी एक वाक्य त्यांचं ठरलेलं होतं, ते एलिसेओंच्या वाट्याचं. शाळेत पहिल्या वर्षी पाठांतराबद्दल वन्संना एक लाल कंगवा बक्षीस मिळाला होता. शाळेत प्रत्येक मुलीला आकडा असे, वन्संचा एक्केचाळीस. शिक्षिकेने तापल्या टाचणीने तो आकडा कंगव्यावर काढून दिला होता. नाताळच्या सुट्टीत कंगवा घरी आला आणि तिसऱ्या दिवशी नाहीसा झाला. घरात वन्सं, आईबाप आणि चार वर्षांचा एलिसेओ. चोर कोण हे वन्संनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. आमच्या गावचा ऑगस्टचा सण असतो, त्या दिवशी दारात येईल त्याला जेवायला घालतात, वाटसरूलासुद्धा कोण म्हणून विचारत नाहीत. पण एलिसेओ मिरचीच्या रश्श्याचं पातेलं घेऊन आले की वन्सं वाडग्यावर हात ठेवायच्या. "माझा कंगवा पाटात फेकणाऱ्याने मला वाढायचं नाही." सगळे हसायचे. एलिसेओ पातेलं माझ्या हातात द्यायचे. साठ वर्षं होत आली होती, पण वन्सं हसत नसत. त्यांना ते खरंच लागलेलं होतं.

तर त्या ऑक्टोबरात रेनाल्डाची तिसरी खेप होती. रेनाल्डा आमच्याच गावची, सव्वीस वर्षांची, दोन पोरांची आई. आजीने तिला वाढवलं आणि आजीनेच काम शिकवलं. काम कसलं, तर तेच: जुन्या बाजारातून तबकड्या आणायच्या, त्यातून पंख पसरलेला पक्षी कापायचा, त्याच्या छातीवर पिरोज्याच्या आणि शिंपल्याच्या चिपा बसवायच्या, आणि मण्यांच्या माळेत तो ओवायचा. हात मोठा साफ होता पोरीचा. तिचं म्हणणं, आजीचं काम आजीच्याच सामानाने करायचं, जेटमध्ये केलं तर ते दुसरंच काहीतरी होईल. दुकानदार तिचा माल घेत, पण शहरातल्या काचेच्या कपाटात नाव त्यांचं लागे. तिला व्हरांड्यात स्वतःच्या मालामागे बसायचं होतं.

वन्संनी तिला मार्चमध्ये परत पाठवलं. जूनमध्ये परत पाठवलं. दुसऱ्या वेळी तर सुईसुद्धा काढली नाही, नुसतं म्हणाल्या, "हा कचरा. तबकडी आहे म्हणून तू सांगतेस तरी, हे बरं आहे. पण आमच्या लोकांचं म्हणून हे इथे बसणार नाही." तीनदा नापास झालेल्याला पुन्हा अर्ज करता येत नाही, असा नियम. त्या दिवशी दुपारी बाराला परीक्षक बसणार होते. रेनाल्डा नऊलाच येऊन आमच्या समोरच्या खांबाला टेकून उभी होती, हातात जुना टॉवेल, टॉवेलात तीन माळा. मी तिला घोंगडीच्या टोकावर बसायला सांगितलं आणि माझ्या डब्यातला पाव दिला. वन्संनी तिच्याकडे पाहिलंही नाही. मला मात्र हळूच म्हणाल्या, पाव दे, पण आशा देऊ नकोस.

साडेदहाच्या सुमारास एक म्हातारी बाई काठी टेकत आली. कॅन्ससची होती, नाव सांगितलं हॅटी. तिने पर्समधून एक मोजा काढला, आणि मोज्यातून माळ. तिचे वडील रेल्वेत गार्ड होते. सदतीस साली हॅटीची धाकटी बहीण जन्मली तेव्हा ते पश्चिमेकडच्या फेरीवरून ही माळ घेऊन आले, कुठल्या स्टेशनावर ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आता बहीण गेली होती, माळ नातीला द्यायची होती, आणि सोबत एक चिठ्ठी. चिठ्ठीत काय लिहायचं, एवढाच तिचा प्रश्न. सकाळपासून ती तीन दुकानं फिरली होती. एकाने मेक्सिकोची सांगितली, दुसऱ्याने नावाहोंची. तिसरा म्हणाला, पोराटोरांचं खेळणं आहे, चिठ्ठी कशाला लिहिताय.

वन्संनी पांढरा रुमाल पसरला आणि माळ त्यावर घेतली. पंख पसरलेला काळा पक्षी, छातीवर पिरोज्याच्या चिपा, भोवती पांढरी किनार, आणि दोन्ही बाजूंना मण्यांतून लोंबणाऱ्या पोवळ्यासारख्या लाल लाल पट्ट्या. पाहता पाहता वन्संचा चेहराच बदलला. त्यांनी पक्ष्याच्या डाव्या पंखाखाली बोट नेलं. तिथे सगळ्या निळ्या चिपांमध्ये एकच चिप हिरवी होती.

"सेराफिना," त्या मला म्हणाल्या, "ही बघ. एक हिरवी, डाव्या पंखाखाली. आणि दोरीची गाठ बघ, तीन वेढे आणि टोक आत." मग त्यांनी काळा पक्षी ओठांना लावला. दगड ओठाला गार लागतो, जेट लागत नाही. "जेट आहे," वन्सं म्हणाल्या. "अस्सल केवाची माळ. माझ्या आईच्या हातची."

हे त्यांनी असं म्हटलं की आजूबाजूच्या पाचसहा पथाऱ्यांवरचे लोक उठून आले. नावाहो चांदीकार त्सोसी, जो स्वतः परीक्षक होता, तोही आला. वन्संनी सगळ्यांना हिरवी चिप दाखवली. आई म्हणायची, सगळं निळं केलं तर आभाळाला वाटेल आपली बरोबरी करतात, म्हणून एक हिरवी, असं सांगितलं. हॅटीबाई रडायलाच लागली. वन्संनी तिला पाणी दिलं आणि चिठ्ठी स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं कबूल केलं. मी चाळीस वर्षांत त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. सासूबाईंना मी पाहिलेलंच नाही, त्या माझ्या लग्नाआधीच गेल्या. त्यांच्या कामाची खूण म्हणून घरात मणी घासायचा दगड तेवढा होता, माळ एकही नव्हती. सगळ्या विकल्या गेल्या होत्या.

त्सोसीने गमतीने विचारलं, "सुई नाही लावली आज?"

"आईच्या हाताला कुणी सुई लावतं का?" वन्सं म्हणाल्या.

माळ हातोहात फिरत होती. फिरत फिरत ती रेनाल्डाकडे आली. तिने बराच वेळ पाहिली. मग ती उलटी केली आणि व्हरांड्याच्या कडेला जाऊन उन्हात तिरकी धरली. मला तिच्या तोंडावर दिसलं की तिला काहीतरी समजलंय आणि ते बोलावं की नाही हे तिला कळत नाहीये. ती माळ घेऊन परत आली, वन्संच्या शेजारी गुडघ्यांवर बसली आणि इतक्या हळू बोलली की फक्त आम्हा दोघींना ऐकू गेलं.

"मावशी, काम तुमच्या आईचंच आहे, त्यात शंका नाही. पण पंखाच्या टोकाला मागून बघा. आईने घासघासून काढलंय सगळं, तेवढं राहिलंय."

वन्संनी भिंग लावलं. मीही वाकले. पंखाच्या टोकाला, नखाएवढ्या जागेत, केसासारख्या बारीक रेघा होत्या, एकीशेजारी एक, सगळ्या एकाच बाजूला वळलेल्या. दगडात अशा रेघा नसतात. तबकडीत असतात.

वन्संचे कान लाल झाले. समोर दहा माणसं उभी, त्यातले निम्मे कधी ना कधी त्यांच्या सुईखालून गेलेले. आणि त्यांनीच पाच मिनिटांपूर्वी सगळ्यांना ओरडून सांगितलेलं, अस्सल केवाची, माझ्या आईच्या हातची. रेनाल्डा मान खाली घालून बसली होती. तिला ही गोष्ट मोठ्याने सांगता आली असती, आणि माझ्यासारखीने सांगितलीही असती. तिने नाही सांगितली.

मग वन्संनी लाल पट्टी उलटी केली. मला वाटलं, निदान पोवळं तरी खरं निघू दे. पट्टीच्या एका काठावर सारख्या अंतरावर बारीक बारीक खुणा होत्या, काहीतरी कापून घासून टाकल्यासारख्या. दुसरी पट्टी, तिच्यावरही तशाच. तिसऱ्या पट्टीच्या पाठीवर तापल्या टाचणीने काढलेला आकडा होता. त्याच्यावरून कानस फिरली होती, तरी वाचता येत होता. एक्केचाळीस.

मी वन्संचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला, रागाने नव्हे, त्यांना भिंग नीट धरायचं होतं. मग इतकंच म्हणाल्या, "त्या वर्षी पीठ संपलं होतं. सुट्टीभर आम्ही नुसता मका उकडून खाल्ला." मला त्या बोलल्या की स्वतःशीच, मला सांगता येणार नाही.

हॅटीबाई घाबरली. काही चुकलं का, तिने विचारलं. मी तिला थोडक्यात सांगितलं, म्हणजे कंगव्याचं, कारण दुसरं काय सांगणार. तिने लगेच माळ वन्संच्या हातात दाबली, तुमचीच आहे, ठेवा, म्हणाली. तिचं मन खरंच मोठं होतं. वन्संनी माळ रुमालात गुंडाळली, मोज्यात घातली आणि परत दिली. म्हणाल्या, आईने ती तुमच्या वडिलांना विकली, त्यांनी ती चांगली सांभाळली, विकलेलं परत मागायची आमच्यात रीत नाही. फक्त त्याआधी त्यांनी माझ्या डब्याच्या कागदी पिशवीचा तुकडा फाडला, ती एक पट्टी त्याच्याखाली धरली आणि पेन्सिलीने वरून घासलं. आकडा कागदावर उमटला. तो कागद त्यांनी पोलक्यात ठेवला.

चिठ्ठी लिहायला मात्र त्यांना वेळ लागला. दोनदा फाडली. तिसऱ्यांदा लिहिलं ते मी वाचलं: ही माळ केवा गावच्या रेफुखिया नावाच्या बाईने छत्तीस साली नाताळात केली. काळं आहे ती ग्रामोफोनची तबकडी. लाल आहे तो तिच्या मुलीचा कंगवा. निळा आणि हिरवा पिरोजा, पांढरा शिंपला. खाली सही. हॅटीबाईने ती वाचली, घडी घातली आणि वन्संच्या गालाला गाल लावून गेली.

बारा वाजले. वाड्याच्या मागच्या खोलीत तीन परीक्षक बसले. मालाची तपासणी उघड्या दाराने चालते, म्हणून मी दारात उभी राहिले, घोंगडी शेजारणीवर टाकून. रेनाल्डाने टॉवेल उलगडला. तिसरी खेप होती, आणि सकाळी तिने जे दाखवलं त्याचा वन्संना राग आला असेल असं तिला वाटत होतं. खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं. चाळीस वर्षं त्यांच्या हाताखाली काढल्यावर माणूस काय समजायचं ते समजतो.

वन्संनी तिन्ही माळा एकेक करून पाहिल्या. भिंग काढलं, मेणबत्ती पेटवली, सुई तापवली. पक्ष्याच्या पाठीला टेकवली आणि नाक जवळ नेलं. सगळ्या खोलीत वास पसरला.

"तबकडी," वन्सं म्हणाल्या. "हिने काय सांगितलंय अर्जात?"

त्सोसीने कागद पाहिला. "तबकडी."

"मग खोटं कुठे आहे?" वन्संनी सुई रुमालाला पुसली. "नियमात काय लिहिलंय ते वाच. परंपरेने वापरात असलेलं सामान. मग त्याखाली लिही, आमच्यात हे वापरात होतं: तबकडी, कंगवा, शिंपला, पिरोजा. मूळ, केवा."

त्सोसी पेन उचलेना. तो मिस्कील माणूस आहे, अशी संधी तो सोडणार नव्हता. "त्रिनिदाद, जूनमध्ये याच माळेला तू कचरा म्हणाली होतीस."

"जूनमध्ये मला कमी कळत होतं," वन्सं म्हणाल्या. "लिही तू."

त्याने लिहिलं. मग वन्सं रेनाल्डाकडे वळल्या, आणि पोरीला वाटलं असेल की आता पाठीवरून हात फिरवतील. वन्सं म्हणाल्या, गिऱ्हाइकाला एकदा जरी जेट म्हणून सांगितलंस तर मी स्वतः तुझी घोंगडी गुंडाळून रस्त्यावर ठेवीन. आणि शेपटी जाड कापतेस, पक्षी बदकासारखा दिसतो. आणि सगळ्या चिपा निळ्या लावू नकोस. रेनाल्डा हो हो म्हणत होती आणि डोळे पुसत होती. बाहेर आल्यावर तिने मला अशी मिठी मारली की माझ्या कमरेतून आवाज निघाला. दुसऱ्या दिवशी तिने पिशवीत हात घातला, तर कोरा बिल्ला आला. तरी ती हसत घरी गेली. तिसऱ्या दिवशी सतरा आला.

पण मला सांगायचंय ते त्याच संध्याकाळचं. आम्ही लवकर निघालो. एरवी परतताना वन्संची जीभ चालूच असते, कुणाची माळ सुटली, कुणाचा नवरा पुन्हा गाडी ठोकून आला. त्या दिवशी गाव येईपर्यंत त्या पोलक्यातला कागद चाचपत होत्या. मी एकदा म्हटलं, वन्सं, आईंनी लपवलं म्हणून मनाला लावून घेऊ नका. त्या म्हणाल्या, लपवलं कुठे, साठ वर्षं मी विचारलंच नाही. मी त्यांना नेहमीसारखं त्यांच्या दारात उतरवायला गाडी वळवली, तर म्हणाल्या, आधी तुमच्याकडे चल.

एलिसेओ अंगणात भिंतीशी बसून लाल मिरच्यांच्या माळा ओवत होते. थंडीसाठी भिंतीवर टांगायच्या असतात. शेजारी टोपली, मांडीवर सुतळी. आम्हाला वेळेआधी आलेलं पाहून त्यांनी वर बघितलं, आणि बहिणीच्या तोंडाकडे पाहून सुतळी खाली ठेवली. वन्सं त्यांच्यासमोर जमिनीवरच बसल्या. मला वाटलं, सकाळपासूनची सगळी हकीकत सांगतील. त्यांनी पोलक्यातून कागद काढून भावाच्या गुडघ्यावर ठेवला.

"एलिसेओ, कंगवा सापडला."

एलिसेओंनी कागद लांब धरून पाहिला. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही, पण आकडा मोठा उमटला होता. त्यांनी अंगठ्याने तो हळूच चाचपला. कुठे सापडला, असं त्यांनी विचारलं नाही, आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं.

वन्संच्याही आलं. "तुला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

"मीच धरला होता," एलिसेओ म्हणाले. "आई करवतीने कापत होती. घट्ट धर म्हणाली. माझं बोट थोडं कापलं." त्यांनी डाव्या हाताचं बोट पुढे केलं. ती खूण मी चाळीस वर्षं पाहत आले होते, मला वाटायचं कुऱ्हाडीची असेल.

वन्संनी ते बोट हातात घेतलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही. "साठ वर्षं मी तुझ्या हातचा रस्सा घेतला नाही, एलिसेओ. एकदा तरी बोलायचं होतंस."

"आईने सांगितलं होतं," ते म्हणाले. "नवा कंगवा आणेपर्यंत ताईला सांगू नकोस, रडेल ती."

"मग?"

"मग काय. नवा आणलाच नाही तिने."

वन्संनी टोपली आपल्याकडे ओढली, मिरच्या घेतल्या आणि सुतळीच्या दुसऱ्या टोकाने ओवायला लागल्या. मी चुलीवरचा रस्सा गरम केला आणि तीन वाडगे बाहेर आणले. पातेलं मी मुद्दामच एलिसेओंच्या हातात दिलं. त्यांनी आधी बहिणीकडे बघितलं. वन्संनी वाडगा पुढे केला.